मधल्या खांबाचं तेल

यंदा ज्येष्ठ लागला तेव्हा मी माळ्यावरचा डबा खाली काढला. वनस्पती तुपाचा जुना डबा. वरचं चित्र केव्हाच पुसून गेलेलं, झाकण सैल झाल्यामुळे सुतळीनं बांधलेलं. आत मोहाचं तेल. मोहाच्या फुलांचं कौतुक सगळ्यांना असतं. फुलं गळून गेल्यावर झाडाला फळ धरतं, त्या फळातल्या बीला आमच्याकडे टोळी म्हणतात आणि ती घाण्यावर नेऊन तेल काढतात, हे शहरातल्या माणसाला फारसं ठाऊक नसतं. हे तेल म्हणजे नावापुरतंच तेल. थंडीत ते तुपासारखं थिजतं, पिवळसर आणि घट्ट होतं. नागपूरचा उन्हाळा आला की त्याचं पाणी होतं. त्याचा वास उग्र, थोडा कडवट. लहानपणी मला तो आवडत नसे. आता झाकण उघडलं की मी जरा वेळ तशीच थांबते.

माय गेली ती माघात. येणारीजाणारी माणसं थांबली, घर आपल्या जागेवर आलं, तेव्हा तिच्याशिवाय कुणी हाताळत नसे अशा वस्तू मी एकेक उघडून पाहू लागले. त्यात हा डबा होता. तेल थिजलेलं होतं आणि त्यात बोटांचे चर उमटलेले होते. पौषात कधीतरी पोळपाटाला किंवा पाटाला लावायला तिनं तेल काढून घेतलं असणार. चर खोल होते, कडांशी तेल वर उचललं गेलं होतं, अगदी आत्ताच हात बाहेर निघाल्यासारखं. एका चरात तिच्या वाकड्या करंगळीचा बाक ओळखू येत होता.

मी झाकण लावून टाकलं. फाल्गुनात पाहिलं तेव्हा कडा बोथट झाल्या होत्या. त्यानंतर काही दिवस मी तो डबा माठाखालच्या ओल्या वाळूत नेऊन ठेवला, हे लिहायला आता संकोच नाही. पण नागपुरात चैत्रापुढे गारवा कुठून आणणार? एक दिवस उघडलं तर तेल सपाट झालं होतं. वर माझा चेहरा हलत होता.

हे तेल ज्या खांबासाठी, तो आमच्या पुढच्या खोलीच्या मधोमध उभा आहे. वरचं छत आता स्लॅबचं आहे. कवेलूंचं छप्पर काढून घर पक्कं केलं तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "बाई, हा खांब काढून टाका. याच्यावर काहीच नाही आता." माय म्हणाली, "राहू द्या. कोनाच्या पायात येते?" खरं म्हणजे तो सगळ्यांच्याच पायात येतो. पाहुणे आले की खुर्च्या त्याला वळसा घालून मांडाव्या लागतात. पण तो राहिला. जमिनीपासून मायचा हात पोचत होता तिथवर तो काळाभोर आणि तुळतुळीत आहे. त्याच्या वर फिकट, कोरडा, बारीक भेगांचा. माय ठेंगणी होती आणि स्टुलावर चढायला घाबरायची. वर का लावत नाहीस म्हणून विचारलं तर म्हणे, "खांब पायातून सडते. डोक्याचं कोनाले पडलं हाय?"

खांब सागाचा. तो मायच्या माहेरचा, सावनेरकडचा. तिचे वडील गेल्यावर तिथलं घर मोडलं, तेव्हा भावांनी कवेलू वाटून घेतले, छपराचे लाकडी फाटे वाटून घेतले, आणि मायनं हा खांब मागितला. तो बैलगाडीवरून नागपूरला आला. आमची वस्ती गिरणीच्या मागं. बाबा गिरणीत कामाला होते. खांब आल्यावर त्यांनी घराचं छप्पर थोडं उंचावलं आणि तो मधोमध रोवला. त्याच्या अंगाला एक फळी ठोकली आणि फळीवर पुस्तकं मांडली. दर दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर जायचो आणि येताना एखादं पुस्तक घेऊन यायचो, ती ही पुस्तकं. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, पण वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव विसर्जित करून मोकळ्या झालेल्या कोनाड्यात त्यांनी सगळ्यात आधी शाईची दौत ठेवली होती.

मी सांगते आहे तो उन्हाळा सत्तरच्या आसपासचा. माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा झाली होती आणि निकालाची वाट पाहण्याशिवाय काम नव्हतं. रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत वस्तीतली मुलं जमायची. मी त्यांच्याकडून वाचून घ्यायचे. कुणी पाढे म्हणायचं, कुणी नुसतं खांबाला धरून गोल गोल फिरायचं. बाबा दाराशी उकिडवे बसून ऐकत. त्यांचा तो आठवड्यातला सुखाचा वेळ होता. गिरणीतल्या रुईनं त्यांचा आवाज बसलेला असे, पण वर्ग सुटताना प्रत्येक मुलाला ते नावानं हाक मारून निरोप देत.

पावसाळ्याआधी खांबाला तेल लावायचं हा मायचा नेम. एरवी वैशाखातच ती ते उरकायची. त्या वर्षी वैशाखाच्या शेवटी अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या, कवेलू फुटले, आणि पाणी खांबावरून ओघळत खाली त्याच्या पायाशी मुरलं. मग सगळं लांबलं. मी घाई करायचे.

"माय, लाव ना आज तेल. वाळला तं खांब."

"नाही वाळला."

"दिसून राहिला ना कोरडा."

"तुले दिसून राहिला. थांब."

मग ती खाली बसून खांबाच्या पायाला हाताची मागची बाजू लावायची, लेकराचा ताप पाहावा तशी. डोळे मिटून. आणि मान हलवायची. "आत गार हाय. ओल्या लाकडाले तेल पाजलं तं ओल आतच कोंडते पोरी. वरून चकाचक आन् आतून भुसा."

हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. माघापासून ते माझ्या मागे लागलं आहे. भेटायला येणारी माणसं म्हणत होती, आता कामाला लाग, मन गुंतव, चार महिने झाले. त्यांचं चुकत नव्हतं. मी त्यांना चहा देत होते, बोलत होते, कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकांवर शिक्के मारत होते. फक्त अधूनमधून कुणीतरी हाताची मागची बाजू लावून पाहावी असं वाटत होतं.

त्या वर्षी खांब वाळायला ज्येष्ठाची पौर्णिमा उजाडली. दुपारी, ऊन अगदी डोक्यावर आलेलं, लाकूड तापलेलं, तेव्हा मायनं चुलीवर तेल कोमट केलं. आधी नुसतं मोहाचं. चिंधी बुडवायची आणि लाकडाच्या रेषेनं वरून खाली ओढायची. खांब ते प्यायचा. खरंच प्यायचा. ओला चमकता पट्टा बघता बघता सुकून जायचा आणि ती पुन्हा चिंधी बुडवायची. पिणं थांबलं की वर जवसाचं तेल. "मोह आत जाते, वाळत नाही. जवस वरून बसते, वाळते," ती म्हणायची. दोन्ही तेलं माहेरहून येत. त्या वर्षी गारांनंतर शेजारच्या घरांत वाळवी निघाली होती, म्हणून तिनं जवसाच्या तेलात गेरू कालवला आणि खांबाचा खालचा भाग लाल केला. मग पायाशी, जिथं जमीन लागते तिथं, तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळली आणि ती सुटू नये म्हणून वरून सुताचे वेढे दिले.

आता तेल, लाल रंग, सूत, आणि वटपौर्णिमेचा दिवस. माय हात धुऊन उठते आहे तोच लीलामावशी दारात.

लीलामावशी आमच्या समोर राहायची. विहारात बायकांची वंदना तीच सांगायची, खणखणीत आवाजात. मनानं वाईट नव्हती, पण जीभ फार चपळ. तीही सावनेरकडचीच. तिनं खांबाकडे पाहिलं, मायकडे पाहिलं.

"काय वं, वड नाही भेटला तं खांबच पुजून राहिली का?"

माय हसली. "सात जन्म हाच नवरा मांगाले मी काय येडी हाओ? या जन्मातच पुरला मले."

मावशीही हसली. पण जाताना उंबऱ्यात थबकून म्हणाली, "तुह्या बापाचा देव याच खांबाले होता ना वं? फळीवर? मी लहानपणी पायला हाय."

मायनं चिंधी पिळली. "होता," एवढंच म्हणाली.

तिनं नाही म्हणायला हवं होतं, असं बाबा नंतर म्हणाले. पण देव होता हे खरंच होतं. दीक्षेनंतर मायच्या वडिलांनी तो स्वतः नदीत सोडला होता. माय खोटं कसं बोलणार?

वस्तीत बोलणं पसरायला वेळ लागला नाही. आज हे कुणाला क्षुल्लक वाटेल. पण ज्यांनी मोठ्या धीरानं जुनं घर सोडलं, त्यांना मागं वळून पाहणाऱ्याचं भय असतं. एखादा मागं फिरला तर आपलं चालणंही खोटं ठरेल, असं ते भय. मला ते तेव्हाही कळत होतं, म्हणून मावशीचा पुरता राग येत नव्हता. रविवारी सकाळी मी सतरंजी अंथरली. कुणी आलं नाही. बाबा दाराशी उकिडवे बसले होते. समोरून दोन पोरं धावत गेली, बाबांनी नावानं हाक मारली, ती लाजून हसली आणि पुढे गेली. बराच वेळ बाबा तसेच बसून राहिले. मग आपणच उठून त्यांनी सतरंजी गुंडाळली.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी विचारलं, "लाल काहून लावलं?"

"वाळवीसाठी."

"दुसरा रंग नव्हता?"

"गेरू कोन्या रंगाचा भेटते, जी?"

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "लोकाईले काय सांगू मी?"

"सांगा, येऊन हात लावून पाहा म्हना. देव असन तं हाताले कळन. खांब असन तं बी कळन."

पण लोक हात लावायला येत नसतात. लोक दुरून पाहतात. दुसऱ्या दिवशी पाळीवर जाण्याआधी बाबांनी सूत कापलं, चिंधी सोडली, बादलीभर पाण्यात धुण्याचा सोडा कालवला आणि काथ्यानं खांब घासून काढला. लाल पाणी उंबऱ्यावरून बाहेर वाहत गेलं. वस्तीनं ते पाहावं अशीच त्यांची इच्छा होती, आणि वस्तीनं पाहिलं. माय चुलीपुढे बसून होती. ती आडवी आली नाही. बाबा गेल्यावर ती उठली आणि आपल्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं खांब पुसू लागली. मी म्हणाले, "पुन्हा लावू ना तेल." ती म्हणाली, "आता कसं? पानी पाजलं ना त्याले." दोनच दिवसांत आभाळ भरून आलं.

पुढच्या रविवारी मुलं आली. सतरंजी भरली, पाढे सुरू झाले. बाबा दाराशी बसले. सगळं पूर्वीसारखं होतं, आणि मधोमध खांब उघडा उभा होता.

तो पावसाळा मला वासानं आठवतो. ओल्या सागाचा, आंबूस, गारठलेला वास. श्रावणात खांबाच्या पायाला पांढरी बुरशी धरली. भादव्यात एक दिवस फळीवरचं पुस्तक काढताना मातीची बारीक रेघ दिसली, खालून वर चढत आलेली. वाळवी. माय रोज सकाळी त्याच फडक्यानं खांब पुसायची. रेघ दिसली की बोटानं मोडायची.  बाबांच्या ताटात भाजी कमी पडली नाही, त्यांच्या डब्यात भाकरी कमी पडली नाही. पण ती त्या दिवसांत त्यांच्याशी थट्टा करत नसे. आमच्या घरात मायची थट्टा बंद होणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. बाबा कामावरून आले की खांबाच्या वाळवी लागलेल्या बाजूला पाठ करून बसत. एकदा ते खाली वाकून तिथं खोलवर बोट घालताना मला दिसले. बोट आत गेलं. त्यांनी ते बाहेर काढलं आणि धोतराला पुसलं.

मग पाऊस ओसरला आणि आश्विनातलं ऊन पडलं. ते ऊन नागपुरात उन्हाळ्याइतकंच भाजतं. दसरा जवळ आला आणि दीक्षाभूमीवर जाणाऱ्या माणसांनी वस्ती भरून गेली. ओळखीचे, बिनओळखीचे, दूर गावांहून चालत आलेले. प्रत्येक घरात पाच-पंचवीस माणसं. आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गाठोडी, तांबे, झोपलेली लेकरं. त्या गर्दीत भर दुपारी बाबांनी विळ्यानं खांबाचा कुजलेला भाग खरवडायला घेतला. भुसा निघत राहिला. एका बाजूला हात मावेल एवढा खड्डा पडला. तो अजून आहे. मग त्यांनी खाली बसून हाताची मागची बाजू लाकडाला लावली, मायसारखी. त्यांना ती कशी लावतात हे कधीपासून माहीत होतं, कोण जाणे.

"अवं," त्यांनी आत हाक मारली. "वाळलं वाटते. येऊन पाह्य."

माय आली. तिनंही हात लावला. "वाळलं," म्हणाली.

"गेरू कुठी हाय?"

माय त्यांच्याकडे पाहत राहिली. "लाल हाय तो," ती म्हणाली.

"ठाऊक हाय मले. दे."

दार सताड उघडं होतं. बाहेर वस्तीतली माणसं येत-जात होती, आणि आत बाबा खांबाला तेल लावत होते. पाठ घामानं निथळत होती. भिंतीशी टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या पाहुण्यानं बराच वेळ पाहून विचारलं, "काय करून राहिला गा, भाऊ?"

"खांबाले तेल लावून राहिलो."

"देव हाय का?"

 समोरच्या दारात लीलामावशी उभी होती, तिला सगळं ऐकू जात होतं.

"नाही गा," बाबा म्हणाले. "खांब हाय. छत धरून हाय."

म्हातारा हो म्हणाला. मग आपलं गाठोडं बाजूला सरकवून त्यानं बोट दाखवलं. "मंग इकडून राहिलं, पाह्य."

माय हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, आवाज न करता. ज्येष्ठानंतर पहिल्यांदा. बाबांनी मान वर केली नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते. पुढच्या रविवारी मुलं आली. त्यांच्यापैकी एकाचा सदरा गेरूनं माखला आणि त्याच्या आईनं येऊन मायला चार शब्द सुनावले. ते सदऱ्याबद्दल होते, देवाबद्दल नव्हते. पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर लीलामावशीच्या दाराच्या चौकटीचा खालचा हातभर भाग लाल दिसू लागला. मायनं तिला काही विचारलं नाही. फक्त घरात येऊन म्हणाली, "सूत नाही बांधलं तिनं. सुटन चिंधी."

मी मात्र एकदा मायला विचारलं होतं. फार पुढे, घरावर स्लॅब टाकल्यावर, खांबाला छताचं काम उरलं नव्हतं तेव्हा. ती म्हातारी झाली होती, हात पूर्वीइतका वर पोचत नव्हता. मी म्हणाले, "माय, खरं सांग. तेल लावताना तुले तो देव आठवते का?"

ती चिंधी ओढत राहिली. "देव नाही वं आठवत. बाप आठवते. खांब त्यानंच रोवला होता. देव बी त्यानंच नदीत सोडला, एकटा गेला होता. रडत आला. माहं लगन झालं होतं, मी इकडे. त्याच्या शेवटच्या दिसात पाय सुजले होते त्याचे, तेल चोळून द्याले मी नव्हती." मग खांबाच्या पायाशी, त्या खड्ड्यात, बोटांनी तेल भरत म्हणाली, "आता कायची पूजा आन् कायचं काय. हात लावाले जागा पायजे मानसाले."

बाबा आता थकले आहेत. डोळ्यांना अंधूक दिसतं. माघापासून ते खांबाला पाठ टेकून बसतात. मायबद्दल बोलत नाहीत. तिची वस्तू कुणी उचलली की फक्त आवाजावरून ओळखतात कुठली ते. डबा काढला तेव्हाही त्यांनी मान वळवली. मी आठवडाभर तो नुसता ओट्यावर ठेवून दिला. तेवढंच तेल उरलं आहे. मामांच्या गावी आता कुणी टोळ्या वेचत नाही, घाणाही बंद झाला. आणि ते चर पुसले गेले असले तरी तिनं शेवटचा हात घातला ते तेल हेच. ते संपवावं की ठेवावं, मला ठरवता येत नव्हतं. वर आभाळ रोज थोडं थोडं भरत होतं.

काल दुपारी बाबांनी विचारलं, "आभाळ कसं हाय?"

"येते आज-उद्या."

ते हाताच्या आधारानं वळले, गुडघ्यांवर आले आणि खांबाच्या पायाला हाताची मागची बाजू लावून थांबले. बराच वेळ. मला वाटलं, विसरले.

"वाळलं," म्हणाले. "लाव."

मी तेल कोमट केलं. चिंधी बुडवली आणि लाकडाच्या रेषेनं ओढली. खांब अजूनही पितो. वर काही उरलं नाही, तरी पितो. खालचा खड्डा भरला, तिच्यासारखा बोटांनीच. मग वर चढत चढत मायच्या रेषेपर्यंत आले. तिथं काळं संपतं आणि फिकट सुरू होतं. माझा हात थांबला. डब्यात तळाशी थोडं तेल होतं. तेवढं राहू द्यावं असं मनात आलं.

चिंधीचा आवाज थांबलेला बाबांनी ऐकला.

"थांबली काहून वं?" ते म्हणाले. "वर बी लाव. तुहा हात पोचते."